कार्बोरेटरला हात शेवटी

माझ्याकडे १९६९ची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनत होती. पाच लाखांहून जास्त निघाल्या, त्यामुळे इंग्लंडमध्ये आजही तिचा जवळजवळ प्रत्येक भाग मिळतो. मी कॉव्हेंट्रीला राहतो. घराला लागून अरुंद गॅरेज आहे, गाडीचं सगळं काम तिथंच करतो. दुसऱ्याकडे द्यावंसं कधी वाटलंच नाही. या गाडीतली बहुतेक दुखणी डोळ्यांना दिसतात, कानाला ऐकू येतात, नाहीतर बोटांना लागतात.

तिचं १७९८ सीसीचं इंजिन ‘बी-सिरीज’चं. आपल्या ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. लहानपणी काकांची ॲम्बॅसडर कोल्हापूरला उद्यमनगरात कामाला जायची, तेव्हा सुट्टीत मीही मागं लागून जायचो. तिथल्या मिस्त्रीकाकांनी मला टॅपेटचं गणित शिकवलं. व्हॉल्व्ह आठ, बेरीज नऊ. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचा गॅप घ्यायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याचा, तिसरा असेल तेव्हा सहाव्याचा. एमजीबीलाही हेच गणित जसंच्या तसं लागू पडतं. इंजिन गार असताना पंधरा थाऊचं, म्हणजे पंधरा हजारांश इंचाचं, फिलर गेज घालायचं आणि ते किंचित अडत सरकलं पाहिजे. टॅपेट थोडा वाजला तर चालतो. मुका झाला तर मात्र मी घाबरतो, कारण गॅप न उरलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. ब्रिटनमध्ये २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झाल्यापासून तर हे जास्तच जपावं लागतं. जुन्या मऊ सीटमध्ये व्हॉल्व्ह हळूहळू रुतत जातो आणि गॅप आपोआप कमी होत जातो.

मिस्त्रीकाकांचं दुसरं सांगणं असं होतं: “आदी टापेट, मग पॉइंट, मग टायमिंग. कार्बोरेटरला हात समद्यात शेवटी.”

गेल्या उन्हाळ्यात गाडी मिस मारायला लागली तेव्हा याच क्रमानं गेलो. दुखणं विचित्र होतं. स्लोला इंजिन छान चालायचं. हलकी रेस दिली की क्षणभर जीव गेल्यासारखी व्हायची, पुन्हा उचलायची, पुन्हा जायची. ओळखीतले सगळे म्हणाले, पेट्रोल कमी पडतंय, कार्बोरेटर खोल. मला ते पटत नव्हतं, कारण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी खणखणीत पळायची. पेट्रोल कमी पडत असतं तर पूर्ण रेसलाच आधी रडली असती. शिवाय प्रत्येक झटक्याला आरपीएमचा काटा टपकन शून्याकडे पडत होता. हा काटा इग्निशनच्या करंटवर चालतो. गाडी वेगात आहे, चाकं इंजिनाला फिरवताहेत आणि तरी काटा पडतोय, म्हणजे करंटच तुटतोय.

मग अर्ध्याच रेसला का? त्याचं उत्तर डिस्ट्रिब्यूटरमध्ये होतं. अर्ध्या रेसला कार्बोरेटरपाशी ओढ जास्त असते. ती एका बारीक नळीतून डिस्ट्रिब्यूटरच्या डायफ्रामला खेचते आणि पॉइंटची प्लेट थोडी फिरवून स्पार्क लवकर पाडते. स्लोला ती ओढ नसते, पूर्ण रेसला ती विरून जाते. मी नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि गाडी फिरवून आणली. एकदाही मिस नाही.

कॅप उघडली, नळी तोंडात धरून हवा ओढली आणि बॅटरीच्या उजेडात बघत राहिलो. प्लेट सरकली आणि तिच्याबरोबर पॉइंटकडे जाणारी छोटी वायर ताणली गेली. बोटभर लांबीची, सुती वेष्टणाची. वरून धडधाकट. मल्टिमीटर लावून पुन्हा ओढलं तर कनेक्शन गेलं, सोडलं तर आलं. वायर काढून चिमटीत वाकवली तेव्हा आतलं तांबं तुटलेलं स्पष्ट जाणवलं, नुसतं वेष्टण दोन टोकं धरून होतं. वर्षानुवर्षं प्लेट मागंपुढं होत होती, तेवढ्यानं एकेक तार तुटत गेलेली.

इथं साधी जाड वायर चालत नाही. ती प्लेटला अडवते आणि लवकर तुटते. केसासारख्या तारांची, लवचिक वायरच डाख देऊन बसवावी लागते. मी तशी बसवली, पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ केला आणि टायमिंग लाइट लावून पाहिलं. जुना कंडेन्सर चांगला होता, म्हणून तो काढला नाही. नवा भाग म्हणजे चांगला भाग, असं मी तरी मानत नाही. हल्लीचे स्वस्त कंडेन्सर आणि रोटर तापले की दगा देतात.

सगळ्यात शेवटी दोन्ही एसयू कार्बोरेटर. रबराच्या नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. दोघांचा ‘सुस्स’ सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग पिस्टन मिलिमीटरभर उचलायचा. इंजिन किंचित चढून पुन्हा बसलं तर मिश्रण बरोबर, चढून वरच राहिलं तर पेट्रोल जास्त, बंद पडायला लागलं तर कमी. पुढच्या कार्बोरेटरचा मिश्रणाचा नट एक षष्ठांश फेरा सैल करावा लागला, मागच्याला काही नको होतं. कार्बोरेटर खोलायची तर वेळच आली नाही.

पेट्रोल मात्र मी निवडून भरतो. सप्टेंबर २०२१पासून इथं साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं. म्हणून महागडं पाच टक्केवालं भरतो आणि पेट्रोलचे होस इथेनॉल सोसणारे घातलेत. आपल्याकडे वीस टक्के आल्यावर पुण्या-कोल्हापूरच्या जुन्या गाडीवाल्यांनी तर आधी होसच तपासावेत. गळकी नळी तापलेल्या इंजिनावर ठिबकली तर गाडी पेटते.

या हिवाळ्यात किंगपिन काढायचे आहेत. दर तीन हजार मैलांना ग्रीस देऊनही डाव्या चाकाला हाताने हलवलं की थोडा प्ले लागतो. ते झालं की दाराखालच्या सिलच्या आत मेण मारायचं. या गाडीला वेगळी चासी नाही, तिचा सगळा जोर त्या पोकळ सिलवरच असतो, आणि गंज तिथं आतूनच सुरू होतो.