साडीचोळी आणि पोटगी

बाबांच्या तेराव्याची पंगत उठली आणि थोरल्या दिरांनी कागद पुढे केला. सासऱ्यांचं मृत्युपत्र. पलसाण्यातल्या सहा खोल्या दोघा दिरांच्या नावे. माझं नाव नव्हतं, माझ्या मुलीचंही नव्हतं.

“वहिनी, वर्षाला साडीचोळी करू. पोरीचं लग्नही बघू,” भाऊजी म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण महिन्याचा किराणा साडीचोळीतून भरत नाही.

बाबा खानदेशातून सुरतेला आले, कापडमिलच्या रंगखात्यात आयुष्यभर राबले. कडोदरा-पलसाण्याकडे मिली वाढल्या, तेव्हा त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. माझा नवरा त्यांच्याआधी गेला. त्याच्या नावावर काहीच नव्हतं. तेव्हापासून मी मिलमधल्या पोरांचे डबे करते.

शेजारणीने मला मोफत कायदेशीर मदत मागायला नेलं. 1987 च्या कायद्याने ती बाईला मिळते, मिळकत कितीही असो. वकीलबेननी नीट समजावलं. खोल्या बाबांच्या स्वकष्टाच्या, त्या कुणालाही द्यायचा त्यांना अधिकार होता. मृत्युपत्राशी भांडायचंच नाही. पण 1956 च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याची कलमं 21 आणि 22 सांगतात, की मुलाची विधवा आणि मुलाची अविवाहित मुलगी मयताच्या आश्रित असतात. त्यांना वाटा मिळाला नसेल आणि पोट भरायला दुसरा आधार नसेल, तर मिळकत ज्यांच्या हाती गेली त्यांनी, आपापल्या वाट्याच्या प्रमाणात, त्यांना पोसायचं. मी दुसरं लग्न केलं असतं तर माझा हक्क संपला असता, मुलीचा नाही.

मग आम्ही कोर्टात अर्ज केला. गुजराती अर्जात शब्द होता ‘भरणपोषण’. मी मनात ‘पोटगी’ म्हटलं. त्या शब्दात पोट आहे.

तारखांना दीर समोर बसायचे, बोलायचे नाहीत. मला रात्र रात्र झोप लागायची नाही. घर फोडलं असं वाटायचं. मग डब्यांचा हिशेब, शाळेची फी, खोल्यांचं भाडं कागदावर मांडलं. मिळकत किती, गरज किती, हे कोर्ट पाहतंच. हे आकडे समोर आले तेव्हा दिरांनीच तडजोडीची तयारी दाखवली.

वकीलबेननी एक गोष्ट हट्टाने करवून घेतली. ठरलेल्या रकमेचा बोजा खोल्यांवर हुकूमनाम्यात लिहवून घेतला. नुसती पोटगी ठरली तर मिळकतीवर बोजा आपोआप चढत नाही. तो लिहून घ्यावा लागतो. आता खोल्या विकल्या तरी माझा हक्क त्यांच्यासोबत जाईल.

पैसे दर महिन्याला खात्यात जमा होतात. दिवाळीला भाऊजी साडीचोळी घेऊन आले. मी त्यांना ओवाळलं, साडी घेतली. ती नात्याची होती. पोटगीत धरली नाही.