जीभ दुसऱ्याची, हात आपला

कडेगाव,
अक्षय्य तृतीया

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. नव्या घरात पंचवीस-तीस माणसं येणार, त्यांना प्यायला काय करावं, पन्ह्याचं प्रमाण काय, आणि तुझे मित्र जी कॉकटेल करणार आहेत त्यांत आपल्याकडचं काही घालता येईल का, एवढं सगळं तू एका दमात विचारलंस. फोनवर वाटी-चमचे सांगून मोकळी झाले असते. पण नुसतं प्रमाण सांगितलं की सांगणं अर्धंच होतं. तुझ्याकडच्या कैऱ्या वेगळ्या, पाणी वेगळं, माणसं वेगळी. म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात पाण्यापासून कर. आपला कडेगाव तालुका दुष्काळी पट्ट्यातला. टेंभू योजनेनं कराडजवळून कृष्णेचं पाणी उचलून इकडच्या शिवारात आणलं, त्याआधी सगळी भिस्त विहिरींवर आणि बोअरवर असायची. त्या जड पाण्यात डाळ लवकर शिजायची नाही, चहावर तवंग यायचा आणि सरबत मचूळ लागायचं. जड पाण्यातले क्षार लिंबाचा आंबटपणा थोडा मारतात. त्यामुळे इथल्या बायकांना आधी पाण्याचा एक घोट घेऊन मग लिंबं किती कापायची ते ठरवायची सवय लागली. तुमच्या इमारतीत टँकरचं पाणी येतं, असं दादा म्हणत होता. ते वापरू नकोस. यंत्रातून गाळलेलं पाणी घे. ते अगदीच सपक लागतं, म्हणून मिठाची चिमूट मात्र विसरू नकोस. मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी वर आणतं. सरबतातलं मीठ खारट लागलं तर ते जास्त झालं, आणि ते न घालता पेय पोकळ लागलं तर तेवढं हवंच होतं, असं समज.

आता पन्हं. कैरी फाल्गुनात कोवळी आणि मवाळ असते, चैत्राच्या शेवटी आणि वैशाखात तिचा आंबटपणा भरात येतो, आणि पाड लागला की ती पुन्हा गोडीकडे झुकते. म्हणजे तीच वाटी, तोच गूळ, पण महिनाभराच्या अंतरानं पन्हं दोन तऱ्हेचं होतं. सध्याच्या कैऱ्यांना वाटीभर गराला दीड वाटी चिरलेल्या गुळापासून सुरुवात कर. कैऱ्या कुकरमध्ये उकडून घे, निखाऱ्याची सोय असेल तर भाजून घे. भाजलेल्या कैरीला धुरकट वास येतो, त्यात वेलदोड्याऐवजी भाजलेलं जिरं शोभतं. गर कोमट असतानाच गूळ मिसळ, म्हणजे नीट विरघळेल. हा गर बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेव आणि पाणी आयत्या वेळी घाल. गराच्या तिप्पट पाण्यानं सुरुवात करून चाखत चाखत वाढव. लिंबाच्या सरबतालाही साखर सुटी घालू नकोस. गार पाण्यात ती तळाशी बसते आणि पहिल्या पेल्याला आंबट तर शेवटच्याला पाक मिळतो. समभार साखर-पाण्याचा साधा पाक आदल्या दिवशी करून ठेव. लिंबं मात्र त्याच दिवशी पीळ, आणि फार चेपू नकोस. साल आणि बिया दाबल्या गेल्या की सरबत कडू होतं.

गोडीचा अंदाज कधी घ्यायचा, हे मला शेजारच्या चाचींनी मोहरमच्या सरबतावर शिकवलं. तू लहानपणी एका मोहरमला इथं होतीस, तेव्हाचं तुला पुसट आठवत असेल. बांबूच्या कामट्यांचे ते गगनचुंबी ताबूत, त्यांच्या भेटी पाहायला सांगली-सातारा-कोल्हापुरातून लोटणारी गर्दी, आणि हिंदू-मुसलमान दोघांचेही खांदे त्याखाली. दीडशे वर्षांहून जुनी ही रीत आहे. त्या दिवशी गल्लोगल्ली सरबत वाटतात. हिजरी सन ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० साली, करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांच्या माणसांचं फुरात नदीचं पाणी तोडलं गेलं. तहानेल्या त्या माणसांच्या आठवणीसाठी आजही येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पेला दिला जातो. घेणारा कोण, कुठल्या जातीचा, हे विचारायचं नसतं.

चाचींच्या अंगणात भलं मोठं पातेलं मांडलेलं असे. बडीशेप आणि खसखस भिजवून वाटायची, फडक्यातून पिळून घ्यायची, मग साखर, वेलदोडा, थोडं गुलाबपाणी, वरून बदामाचे पातळ काप. आणि त्या दिवशी चाचींचा रोजा असे. स्वतः केलेलं सरबत त्यांना तोंडाला लावायचं नसे. त्या मला हाक मारायच्या. पळीनं माझ्या तळहातावर थोडं सरबत ओतायच्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी एकदा घाईनं "गोड झालंय" म्हणाले. त्या म्हणाल्या, "बर्फ कुठं पडलाय अजून? बर्फ पडू दे, अर्धा विरघळू दे, मग सांग." त्यांनी लादीचा बर्फ फोडून टाकला, आम्ही थांबलो, पुन्हा तळहातावर सरबत आलं. या वेळी ते अगदी बेतशीर लागलं.

त्यात दोन गोष्टी होत्या. बर्फ वितळून पाणी वाढतं, ही एक. आणि गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, ही दुसरी. म्हणून जे गार द्यायचं ते गार करूनच चाखावं, आणि कोमट असताना किंचित जास्त गोड लागेल असंच ठेवावं. तिसरी गोष्ट मला हळूहळू उमगली. मोहरम चांद्र वर्षानं येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सध्या तो जून-जुलैत, पावसाच्या तोंडावर येतो. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी उन्हाळ्यातलाही मोहरम पाहिलाय आणि कडाक्याच्या थंडीतलाही. सरबत तेच, पण उन्हाळ्यात ते पातळ आणि गार हवं, थंडीत बर्फ कमी आणि बडीशेप-वेलदोडा पुढे हवा. ज्या घरात वहीतल्या प्रमाणावर भागतं, तिथं एखाद्या वर्षी सरबत उरतं. चाचींचं उरत नसे.

आता तुझ्या मित्रांच्या कॉकटेलचं. आमच्या घरात मद्य नाही, पण त्याचा मला तिटकाराही नाही. आपला सगळा मुलूखच उसाचा. वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या तू पाहिल्यास. साखर काढून झाली की उरते ती मळी, आणि बहुतेक रम होते ती मळीपासूनच. शेजारच्या पलूसला द्राक्षांच्या वाइनसाठी सरकारनं वाइन पार्क केलं. मद्य, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी एकत्र करून पिण्याची पद्धत सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानातून विलायतेला नेली, असं मानतात. तेव्हा तुझे मित्र करणार आहेत ते आपल्याला परकं नाही. त्यातलं मद्य बाजूला ठेवलं तर उरतं ते आपलं लिंबाचं सरबतच.

आंबट कॉकटेलचा ढोबळ हिशेब असा असतो: दोन भाग मद्य, एक भाग आंबट, एक भाग गोड किंवा थोडं कमी, आणि वर बर्फाचं पाणी. बर्फ घालून जोरात हलवलं की बरंच पाणी वाढतं, आणि ते पाणी पेयाचा भागच असतं. तुझ्या बरणीतल्या पन्ह्याच्या गरात आंबट आणि गोड दोन्ही आलंच आहे. रमबरोबर तो सरळ वापरता येईल, वर जिऱ्याची चिमूट आणि मीठ. गोव्यात उन्हाळ्यात काजूची पहिल्या धारेची उर्राक लिंबाच्या सोड्याबरोबर, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. आंबट, खारट, तिखट एकत्र आलं की चव कशी उघडते, त्याचा तो नमुना आहे. मिरची-मीठ-लिंबू-सोडा एवढंच घेतलं तरी न पिणाऱ्यांसाठी उत्तम पेय होतं. सोडा मात्र सगळ्यात शेवटी घाल आणि फार ढवळू नकोस, नाहीतर फेस उडून जातो.

एक गोष्ट मी बजावून सांगते. गोडाआड मद्याचा कडकपणा लपतो. पिणाऱ्याला सरबत वाटतं आणि पोटात बरंच गेलेलं असतं. म्हणून मद्य मापानं मोज, बाटली तिरकी करून अंदाजानं ओतू देऊ नकोस. मद्याचे जग वेगळ्या टेबलावर ठेव आणि त्यांवर नाव लिही. गाडी चालवून जाणाऱ्याला आणि नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये. आपल्या राज्यात २५ वर्षांखालच्या माणसाला कडक मद्य देता येत नाही, हे तुझ्या मित्रांच्या धाकट्या भावंडांच्या बाबतीत लक्षात ठेव.

आणि एक पेय अजिबात गोड नसलेलं कर. इकडच्या लग्नांत जिलबीबरोबर मठ्ठा असतो तो उगाच नाही. आंबट ताक, आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं, मीठ, जराशी साखर: जिलबीनं मिटलेली जीभ एका वाटीत पुन्हा जागी होते. तुझ्याकडे गोडधोड भरपूर असेल, तेव्हा मठ्ठा हवाच. ताक शिळं आणि फार आंबट घेऊ नकोस, आणि आलं-मिरची वाटून घातल्यावर अर्धा तास मुरू दे. लगेच चाखलंस तर कमी वाटेल, आणि वाढवलंस तर वाढताना तिखटजाळ होईल.

चाखायची रीतही सांगते. थोडं तोंडात घे, फिरव, गिळ, आणि क्षणभर थांब. आधी आंबट येतं की गोड, आणि गिळल्यावर मागे काय राहतं, ते बघ. मागे नुसती गोडी चिकटून राहिली तर आंबट किंवा पाणी कमी आहे. दात आंबले तर गूळ कमी आहे. दोन चाखण्यांमध्ये साध्या पाण्याची चूळ भर. पेढा खाऊन पन्हं चाखलंस तर ते हमखास आंबट लागेल. आणि चार-पाच वेळा चाखल्यावर जीभ बधिरते, मग तिचा भरवसा धरू नये. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बोलव, ज्याने अजून काही चाखलेलं नाही. तुझ्या सासूबाई असतील, शेजारीण असेल, कामाला येणाऱ्या मावशी असतील. त्या म्हणतील ते ऐक. चाचींना रोज्यामुळे माझी जीभ उसनी घ्यावी लागायची. पण रोजा नसतानाही त्या मला बोलवत राहिल्या, कारण करणाऱ्याला आपलं पेय नेहमी बरोबरच वाटतं. पिणार दुसरा असतो, तर न्यायही दुसऱ्यानंच करावा.

चाचींचं सरबत आता त्यांची सून करते, आणि तिच्या हाताखाली मी अजूनही जाते. तुझ्या घरीही अशी एक तरी जीभ जोडून ठेव. पन्ह्याचा गर कसा झाला ते कळव. आणि यंदा मोहरमला दोन दिवस काढून ये. पातेल्याशी उभी राहून शीक, ते पत्रात लिहून पुरं होत नाही.

जावईबापूंना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या