सुरंगीची वहिवाट

न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागली, की आपल्या घराभोवती एक बाग आहे, याची मला आठवण होते. वर्षाचे अकरा महिने मी दुसऱ्यांच्या जमिनींत वावरतो. कोणाची पोफळ कोणाच्या सीमेत झुकली, कोणाचे कुंपण किती हात सरकले, याचा काथ्याकूट करता करता स्वतःच्या अंगणातील मोगऱ्याला पाणी मिळाले की नाही, हे विचारायला फुरसत म्हणून होत नाही. मे महिना उजाडतो, काळा डगला खुंटीवर चढतो, आणि फोंड्याच्या परिसरातील आमच्या जुन्या घराच्या सोप्यावर मी एखाद्या पक्षकारासारखा निमूट बसतो. समोरची बाग मग आपली कैफियत मांडू लागते.

वैशाख म्हणजे नुसता वणवा, असे म्हणण्याची आपल्याला सवय जडली आहे. वस्तुतः या महिन्याइतका उदार महिना दुसरा नाही. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी टपोरून येतात, आणि दिवे लागतात तोवर सोपा त्यांच्या वासाने भरून जातो. आबोलीला वास नाही. पण तिचा तो केशराहून कोवळा रंग कडक उन्हातही मलूल होत नाही. तिच्या सुकलेल्या शेंगा पहिल्या पावसाची वाट पाहत असतात. पाण्याचा थेंब पडला की त्या तडकन फुटतात आणि बी दूर उडवून देतात. रस्त्याच्या वळणावर बहावा आपली पिवळी झुंबरे लोंबत सोडून उभा आहे. टेकडीवर करवंदे काळी झाली आहेत. मानकुरादचा शेवटचा बहर पेंढ्यात पिकत आहे. या आंब्याचे नाव ‘रंगाने फिका’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आले, असे सांगतात. तसे असेल तर नाव ठेवणाऱ्याने तो चाखण्यापूर्वीच निकाल दिला असावा!

वकिलाच्या दृष्टीने पाहू गेल्यास या बागेतील कित्येकांचे मूळ वास्तव्य संशयास्पद ठरेल. काजू ब्राझीलचा. सोळाव्या शतकात आमचे देव झुआरी ओलांडून अंत्रुज महालात आले, त्याच शतकात तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरला. गुलमोहर मादागास्करचा. ज्या देवचाफ्याची फुले आपण देवाच्या पायांवर निःशंकपणे वाहतो, तोही मूळचा अमेरिकेचा. पण देवाने त्याला कधी जन्माचा दाखला विचारला नाही. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात दुसऱ्याची जमीन बारा वर्षे उघडपणे ताब्यात ठेवणाऱ्याची दखल घेतली आहे. चाफ्याची वहिवाट तर शतकांची आहे. त्याच्याविरुद्ध दावा कोण लावणार?

दावा लावला तो मी, आणि तोही सुरंगीवर.

आमच्या आणि पूर्वेकडील शेजाऱ्यांच्या सीमेवर एक जुनी सुरंगी आहे. ती कोणी लावली हे दोन्ही घरांत कोणाला ठाऊक नाही. फाल्गुनाच्या सुमारास तिच्या जून फांद्यांना बिलगून कळ्यांचे घोस येतात. त्या कळ्या पहाटे, उमलण्यापूर्वी काढाव्या लागतात. ऊन चढून फूल उघडले की त्याची माळ नीट होत नाही. शेजारचे दादा झाडावर चढत, खाली त्यांची पत्नी आणि माझी आई चादर धरून उभ्या राहत, आणि मग दोघी आमच्या सोप्यावर माळा ओवत बसत. हंगामातली पहिली माळ देवीची. उरलेल्या फुलांची समान वाटणी. ही व्यवस्था कोणत्याही दस्तात नव्हती, म्हणूनच ती इतकी वर्षे बिनबोभाट चालली. सुरंगीची माळ सुकली तरी तिचा वास जात नाही. वैशाखात कपाटातील लुगडे काढले की घडीतून फाल्गुन दरवळे.

चार वर्षांपूर्वी दादांनी घरावर नवी कौले घातली आणि सुरंगीच्या दोन मोठ्या फांद्या छपरावर येतात म्हणून छाटल्या. त्यांनी मला विचारले नाही, हे खरे. मी त्या दिवशी दुसऱ्या गावी एका दाव्यात गुंतलो होतो, हेही खरे. संध्याकाळी येऊन पाहतो तो झाडाची एक बाजू उघडी पडलेली. ज्या घरात मी लहानपणी आंब्याच्या फोडी खाल्ल्या, तेथे चालत जाऊन दोन शब्द बोलण्याऐवजी मी नोटीस लिहायला बसलो. नोटीस उत्तम उतरली. उत्तर आले, दावा दाखल झाला, आणि मोजणी होईपर्यंत झाड ‘जैसे थे’ ठेवण्याचा हुकूम मी मिळवला. दादांच्या वकिलाने निदान फुले काढण्याची मोकळीक मागितली. तेव्हा, झाडावर चढणे हाही हस्तक्षेपच होय, असा युक्तिवाद मी केला आणि तो मान्य झाला. त्या रात्री मी मोठ्या समाधानाने जेवलो.

हुकूम दोन्ही पक्षांना लागू होता, हे मला फाल्गुनात उमगले. सुरंगी फुलली, उमलली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना गळून पडली. आई सोप्यावर बसून होती. तिने एवढेच विचारले, “देवीच्या फुलांचेर स्टे हाडलो रे तुवें?” भल्याभल्या न्यायाधीशांच्या प्रश्नांना मी उभ्या उभ्या उत्तरे दिली आहेत, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. असे चार फाल्गुन गेले. पूर्वी मला ‘बाबू’ म्हणणारे दादा वाटेत भेटले तर ‘वकीलबाब’ म्हणू लागले. त्यांच्या परसातून दर वैशाखी येणारी भिरंडांची टोपली बंद झाली, आणि आमच्या घरात सोलां बाजारातून येऊ लागली.

या सुट्टीत मी ती फाइल पुन्हा वाचली. त्याच सुमारास एका जुन्या कागदाची आठवण झाली. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे, 1675 च्या एप्रिलमधील, नागरी लिपीतील कोकणी निवेदन आहे. ज्यांनी झाडे पाहिली आणि ज्यांना त्यांचे गुण ठाऊक होते, त्यांची ती साक्ष. माझ्या दाव्याच्या कागदांत सुरंगीचा घेर आहे, उंची आहे, सीमेच्या दगडापासूनचे अंतर आहे. तिला वास आहे, हे मात्र एकाही पानावर नाही.

परवा संध्याकाळी मी कुंपण ओलांडून गेलो. आईने हाती मोगऱ्याची ओंजळ दिली होती. दादांच्या अंगणात भिरंडांची सालपटे उन्हात वाळत घातलेली होती. पाऊस येण्यापूर्वी ती रस पाजून पुन्हा पुन्हा वाळवावी लागतात, म्हणून घरातील सारी माणसे त्याच कामात होती. “दावा मागे घेतो,” मी म्हणालो. दादा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बस, वकीलबाब.” ‘बाबू’ म्हणाले नाहीत, आणि मला तशी अपेक्षा करण्याचा अधिकारही नव्हता. निघताना वहिनींनी एका टोपलीत भिरंडे भरली आणि ती माझ्या हाती न देता कुंपणापर्यंत स्वतः घेऊन आल्या. पलीकडे आई उभी होती. तिची दृष्टी आता मंद झाली आहे. तिने आधी टोपलीचा वास घेतला आणि मग वहिनींचा हात चाचपला. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकले नाही. ऐकण्यासारख्या अंतरावर मी थांबलो नाही.

जूनमध्ये न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा मागे घेण्याचा अर्ज मी देणार आहे. तो लिहून तयार आहे. आजवरच्या माझ्या अर्जांत तो सर्वांत आखूड असेल. छाटलेल्या बाजूला सुरंगीला नवी पालवी आली आहे. कळ्या धरायला मात्र ती आपला वेळ घेईल. तिथे कोणाचा हुकूम चालत नाही. आईला यंदा चौऱ्याऐंशीवे वर्ष आहे. फाल्गुनाला अजून दहा महिने आहेत.