पितळेवरची ओरखडलेली अक्षरं

जुन्या लंबकाच्या घड्याळात कारखान्याचा शिक्का असतो, तो जर्मनी-अमेरिकेचा पत्ता सांगतो. गोंदियाचा पत्ता सांगू शकते ती पितळी पाटीच्या मागे सुईने ओरखडलेली घड्याळजीची सही आणि तारीख. मोठ्यांच्या नोंदी गॅझेटियरात आहेत. बाजारातल्या कारागिराला तिथे जागा कुठली? गोंदिया घडलं ते रुळांवर. 1887 साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेची मुख्य लाइन इथून गेली, पुढे जबलपूरकडची छोटी लाइनही इथूनच निघाली. गाडीमागे तांदळाचा, बिडीपत्त्याचा व्यापार वाढला आणि मिनिटाला किंमत आली. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. अशा गावात घड्याळ बिघडलं की माणूस लागणारच.

कोणी म्हणेल, घड्याळं फिरतात. कलकत्त्यात दुरुस्त झालेलं लग्नात गोंदियाला आलं असेल, आणि सही तर कुणीही खोटी करेल. फिरतात, खरंच. म्हणून एका सहीवर काहीच उभं करू नये. पण एकच हात वेगवेगळ्या घरांतल्या घड्याळांत दिसला, लगतच्या तारखांनी, तर तो माणूस इथेच बसत होता असं मानायला हरकत नाही. खोटेपणाची शंका विकाऊ घड्याळापुरती रास्त. पण अनोळखी घड्याळजीच्या सहीने भाव कितीसा वाढणार? खरा धोका चकचकीत पॉलिशचा आहे. त्यात ओरखडेच पुसले जातात. आधी फोटो काढावा, मग घासावं.