घर नसलेला संघ

‘मराठा वॉरियर्स’ हे नाव आज वर्गात उच्चारले, तर विद्यार्थ्यांना एखादा ऐतिहासिक चित्रपट आठवेल. तो हॉकीचा संघ होता, हे मुद्दाम सांगावे लागते. २००५ च्या जानेवारीत प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, तेव्हा मी तेव्हाच्या औरंगाबादेत मराठीत एम.ए. करीत होतो. क्रिकेट नसतानाही वसतिगृहाच्या टीव्हीसमोर गर्दी जमवणारा एकच माणूस होता : धनराज पिल्ले. खडकीत मोडक्या स्टिक बांधून खेळ शिकलेला आणि अथेन्सला चौथे ऑलिंपिक खेळून आलेला धनराज आमच्या संघात होता. ‘आमच्या’ हा शब्द मी तेव्हा किती सहज वापरीत असे!

वास्तविक आमचे त्यात काय होते? पहिल्या हंगामाचे सामने हैदराबादला, गचिबोलीच्या मैदानावर झाले. नाव मराठ्यांचे आणि महाराष्ट्रात एकही सामना नाही. आमचा जालनाही १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. त्या हिशेबाने सामने घरच्याच मैदानावर चालले आहेत, असा विनोद आम्ही जालन्याची मुले करीत असू.

या विनोदाला न हसणारा एक मित्र होता. तो विद्यापीठाच्या मैदानावर रोज हॉकी खेळे. लीगला दुसरी श्रेणीही होती. तिथे कुठे तरी आपली वर्णी लागेल, या आशेवर त्याने त्या वर्षी बी.एड.चा अर्ज भरला नाही. ‘अर्ज काय, पुढच्या वर्षीही भरता येईल,’ असे त्याला सांगणारा मीच होतो.

२००८ च्या मार्चमध्ये चिलीतील सान्तियागोत ब्रिटनकडून हरून भारत बीजिंग ऑलिंपिकला मुकला. एप्रिलमध्ये लाचेच्या आरोपानंतर भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला. त्याच महिन्यात आयपीएल सुरू झाली आणि साऱ्यांचे डोळे तिकडे लागले. हॉकीची ती लीग पुन्हा भरली नाही. गावातली तालीम बंद पडली, तर निदान दाराला लागलेले कुलूप दिसते. या संघाला स्वतःचे दारच नव्हते. त्यामुळे तो गेल्याचेही कुणाला कळले नाही.

मित्राचे आज बी-बियाण्यांचे दुकान आहे. त्याची स्टिक शटर ओढायला वापरतात. परवा त्याच्याकडे बसलो असताना मला एकदा त्या अर्जाविषयी बोलायचे होते. तेवढ्यात गिऱ्हाईक आले.