कमळाच्या देठावरचा सराव

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या सरावाला ‘योग्या’ म्हटले आहे. शिष्याने भोपळ्यावर, काकडीवर छेद घ्यावा, शिवण कापडावर गिरवावी. कानाची पाळी जोडण्याचा हात मात्र मऊ मांसावर आणि कमळाच्या देठावर बसवावा. किती विचारपूर्वक केलेली ही निवड!

आजचा शिकाऊ शल्यविशारद डुकराच्या कातडीवर किंवा सिलिकॉनच्या नमुन्यावर फ्लॅप आखतो. एका बाजूने जोडलेला तो त्वचेचा पट्टा उचलून, वळवून शेजारच्या जखमेवर बसवतो. ताण कुठे पडतो, कोपरा कुठे चुरगळतो, हे बोटांना तिथेच उमगते. परंतु पट्ट्याचा जीव त्याच्या मुळाशी राखलेल्या रक्तवाहिन्यांत असतो. मूळ फार पिळले, तर रुग्णाच्या त्वचेचे टोक काळवंडते. सिलिकॉनचा रंग मात्र जराही बदलत नाही.