मामांचा बेंजो

शुक्रवार म्हटला की आपल्याला नवा सिनेमा आठवतो. २०१५ पासून जगभरातले नवे अल्बमही शुक्रवारीच निघतात. हैदराबादच्या ऑफिसात कोडिंग करताना हेडफोन कानात असतोच, त्यामुळे लॅटिन जॅझपासून इटालियन पॉपपर्यंत काहीही ऐकून होतं. इटलीच्या सानरेमो महोत्सवातली गाणी दरवर्षी एकत्र अल्बममध्ये येतात. दोन-चार छान असतात, बाकीची मी सोमवारपर्यंत विसरतो. मला खरी ओढ जुन्या संग्रहांची. कपाटातल्या टेपा काढून, साफ करून, कोणी काय वाजवलं ते नावानिशी छापून आणलेले अल्बम.

त्यातला माझा लाडका 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब'. १९९६ साली हवानात जुन्याजाणत्या क्यूबन कलाकारांना गोळा करून तो ध्वनिमुद्रित केला, १९९७ साली निघाला. त्यातला गायक इब्राहिम फेरेर तेव्हा सत्तरीला टेकला होता. गाणं सुटलं होतं, बूट पॉलिश करून दिवस काढत होता. २०२१ मध्ये पंचवीस वर्षांनिमित्त नवी आवृत्ती आली आणि त्याच टेपांमधली तोवर न निघालेली गाणीही ऐकायला मिळाली. टेपा कोणीतरी जपल्या होत्या म्हणून.

ही लॅटिन लय आपल्याला परकी नाही. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५० च्या 'समाधी'त 'गोरे गोरे ओ बांके छोरे' दिलं, त्याची चाल कार्मेन मिरांडाच्या 'चिको चिको'वरून घेतलेली. पुढच्याच वर्षी 'अलबेला' आला. त्यात पडद्यावर ट्रम्पेट घेऊन दिसतो तो चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. मोबाइलवर हीच गाणी लावा. लताबाईंचं नाव दिसतं, चिक चॉकलेटचं शोधूनही सापडत नाही. माझा या अ‍ॅपवाल्यांवर राग आहे तो एवढ्यासाठीच.

माझं आजोळ बेज्जूर. पूर्वी आदिलाबाद जिल्हा, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद. प्राणहिता ओलांडली की गडचिरोली. घरात मराठी, बाजारात तेलुगू. थोरले मामा लग्नांत बेंजो वाजवायचे, तो टाइपरायटरसारख्या कळांचा. एक हात कळांवर, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. 'गोरे गोरे' त्यांचं हुकमी गाणं. त्याशिवाय वरात पुढे सरकत नसे.

पण त्यांचं वाजवणं कुठेच उरलेलं नाही. लग्नांच्या सीडी आहेत. मामा त्यात दिसतात, बोटं कळांवर पळताना दिसतात, आणि ऐकू येतं ते सिनेमातलं गाणं! शूटिंगवाल्याने वरातीचा मूळ आवाज काढून त्यावर चिकटवलेलं. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, त्यात शेकडो गाणी, पण मामा नाहीत.

आता त्यांची बोटं थरथरतात. म्हणून दिवाळीत मी मायक्रोफोन घेऊन गेलो. "कोन आयकते बाबू हे?" मामांनी विचारलं. म्हटलं, "मामा, तुम्ही वाजवा तर." आधी त्यांना मूळ 'चिको चिको' ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. "भाषा त्यायची हाय, पर गानं आपलंच हाय," म्हणाले, आणि बेंजो मांडीवर घेतला. पहिली ओळ अडखळली, नंतर हात सुटला. अंगणात शेजारची पोरं जमली, त्यातल्या दोघांनी आधी कधी बेंजो पाहिलाच नव्हता.

अकरा गाणी झाली आहेत. प्रत्येक फाइलवर गाण्याचं नाव, संगीतकाराचं, मग मामांचं, मग ढोलकीवर साथ करणाऱ्या शेजारच्या आजोबांचं. तिसऱ्या गाण्यात मधेच कोंबडा आरवतो. सॉफ्टवेअरने पुसता आला असता, पण मामी म्हणाली, "राहू दे." संक्रांतीला उरलेली चार गाणी घ्यायची आहेत. तोवर बेंजोच्या दोन तारा बदलून ठेवायचं मामांनी कबूल केलंय.